सणाची तारीख आणि सुईदोरा

हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही. सुई टोचली की साखरेचा काटा झडतो, जास्त जोर लावला तर दाणाच फुटतो. म्हणून तो मण्यासारखा ओवायचा नसतो, बांधायचा असतो. दोऱ्याचे दोन पदर घ्यायचे, त्यांच्यामध्ये दाणा धरायचा, गाठ मारायची आणि पुढचा दाणा उचलायचा. बोरन्हाणाच्या बाळासाठी पूर्ण साज करायचा म्हटला तर मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा आणि मुलगा असेल तर हातात द्यायला बासरी, असं सगळं या एकाच पद्धतीने गाठी मारत उभं करायचं. इतक्या मेहनतीने केलेला हा साज बाळाच्या अंगावर राहतो जेमतेम अर्धा तास. त्यातही मुकुट पहिल्या पाच मिनिटांत ओढून काढला जातो आणि बासरी तोंडात जाते.

वाशी, नेरुळ, ऐरोली, खारघरच्या दुकानांत असे दागिने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून तयार मिळतात. खोक्यात बंद, मापात, हव्या त्या रंगात. तरी कितीतरी घरांत रात्रीची जेवणं उरकल्यावर डायनिंग टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं जातं. आजी दाणे निवडते, आई गाठी मारते आणि मावशी व्हिडिओ कॉलवरून मुकुटाचं माप सांगते. वर्षभर सुईत दोरा न ओवलेली माणसंही या दिवसांत दोरा हातात घेतात, याचं मुख्य कारण पंचांगात आहे. संक्रांत थांबत नाही.

हौसेच्या कामाला एरवी मुदत नसते. क्रोशाचा रुमाल अर्धा विणून कपाटात पडून राहतो, भरतकामाची रिंग कापडासकट विसरली जाते. सणाचं काम मात्र ठरलेल्या दिवशी पूर्ण व्हावंच लागतं. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं आणि रथसप्तमी तिथीने येत असल्यामुळे ही मुदत दरवर्षी वेगळी असते. २०२५ मध्ये १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी असे २२ दिवस मिळाले. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीलाच आली आणि १२ दिवसांत सगळं आटपावं लागलं. हळदीकुंकवाला लुटायचं वाण घरी शिवायचं असेल, मग ते बटवे असोत, चष्म्याची घरं असोत किंवा भाजीच्या कापडी पिशव्या, तर हा फरक चांगलाच जाणवतो.

या मुदतीचा आणि हातकामाच्या आनंदाचा संबंध अमेरिकेतल्या एका अभ्यासातून चांगला उलगडतो. मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी नवख्या माणसांना कागदाच्या घड्या घालून बेडूक आणि बगळे करायला दिले आणि मग ते विकत घ्यायला किती पैसे द्याल, असं विचारलं. स्वतः केलेल्या वेड्यावाकड्या बेडकासाठी माणसं सरासरी २३ सेंट द्यायला तयार होती. त्याच बेडकाला तिऱ्हाइतांनी ५ सेंट देऊ केले. निष्णात कारागिरांनी केलेल्या सुबक बेडकांना २७ सेंट मिळाले. म्हणजे आपल्या हातचं काम आपल्याला जवळजवळ कारागिराच्या तोडीचं वाटतं! पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. काम अर्धवट सोडावं लागलं की वस्तूबद्दलची ही आपुलकी ओसरते. आनंद केवळ हात चालवण्यात नाही, वस्तू पुरी होण्यातही आहे, आणि ती पुरी करून घ्यायचं काम सण करतो.

हात चालवण्यातला आनंदही खोटा नव्हे. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकात विणकाम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांची पाहणी छापून आली. ही माणसं ३१ देशांतली होती. जे जास्त वेळा विणायला बसतात, त्यांनी आपल्याला अधिक शांत आणि आनंदी वाटतं, असं सांगितलं. ही सगळी मुळात विणकामाची आवड असलेलीच माणसं होती, हे ध्यानात ठेवूनच या निष्कर्षाकडे पाहायला हवं. तरी संध्याकाळच्या ठाणे-वाशी लोकलमधून उभ्याने आलेल्या बाईला वीस मिनिटं धावदोरा घातल्यावर बरं का वाटतं, याचा थोडा अंदाज त्यातून येतो.

पुन्हा हलव्याकडे. दागिने करण्याइतकंच हलवा करणं हेही कसबाचं काम आहे, आणि ते थंडीतच का करतात यालाही कारण आहे. तीळ, खसखस, साबुदाणा किंवा मगज परातीत घेऊन परात मंद आचेवर ठेवायची. साखरेचा पाक दुधाने मळी काढून स्वच्छ करून घ्यायचा आणि चमचा-चमचा सोडत बोटांनी हलक्या हाताने दाणे फिरवत राहायचं. पाकाचा एकेक थर वाळला की पुढचा. हवा कोरडी आणि गार असेल तर साखर पटकन सुकते आणि काटा धरते. हवेत ओल असेल तर दाणा गुळगुळीत, चिकट राहतो. म्हणून जुन्या जाणत्या बायका हे काम पहाटे करत आणि ते काही दिवस चाले. नवी मुंबईच्या एका बाजूला खाडी आहे आणि वर्षाचे बरेच महिने इथली हवा दमट असते. डिसेंबर-जानेवारीतला कोरडा काळ तेवढा हलव्याच्या सोयीचा. तयार दागिनेही डब्यात घट्ट झाकून ठेवावे लागतात, नाहीतर साखरेला पाणी सुटतं आणि मुंग्या लागतात.

संक्रांतीचे कपडे काळे असतात, तेही हंगाम पाहूनच. काळं कापड ऊन धरून ठेवतं. काळ्या झबल्यावर पांढरा हलवा उठून दिसतो, हा त्यातला सौंदर्याचा भाग. नव्या सुनेसाठी चंद्रकळा, तिच्यावर हलव्याचं मंगळसूत्र, तन्मणी, नथ आणि वाक्या. जावयाच्या वाट्याला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ येतो. हल्ली त्यात हलव्याचं मनगटी घड्याळही असतं आणि ते बघून हसू आलं नाही असा जावई विरळाच.

हातकामाचा हा हंगाम खरं तर गणपतीपासूनच सुरू होतो. २३ मार्च २०१८ रोजी राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली आणि थर्माकोलच्या मखरांचा जमाना संपत गेला. त्यांच्या जागी पुठ्ठा, कागद आणि कापड आलं. जुन्या जरीच्या साडीला चुण्या घालून पडदा करायचा, उरलेल्या ब्लाउजपीसची फुलं शिवून ती त्यावर टाचायची, ही मखरं पुढच्या वर्षी धुऊन पुन्हा वापरता येतात. नवरात्र सरलं की आकाशकंदील. बांबूच्या कामट्या दोऱ्याने बांधून चौकोन-त्रिकोणांचा सांगाडा करायचा, पतंगी कागद खळीने चिकटवायचा, खाली झिरमिळ्या सोडायच्या. दिवाळीच्या सुटीत सोसायटीच्या जिन्यात मुलं हा उद्योग मांडून बसतात. पूर्वी आतल्या दिव्याच्या धगीने कागद करपायची धास्ती असे. एलईडी दिवे जेमतेम कोमट होतात, त्यामुळे आता कापडाचे आणि साडीच्या काठांचे कंदीलही घरोघरी होऊ लागले. डिसेंबरात ख्रिस्ती घरांच्या खिडक्यांत कागदी तारे लागतात आणि गव्हाणीचा देखावा मांडला जातो. तिथेही मेंढ्यांना कापूस चिकटवायचं काम बच्चेकंपनीकडेच असतं.

नवी मुंबईत हे सगळं एकत्र दिसण्यामागे शहराचा इतिहास आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. मानखुर्दहून पहिली लोकल खाडी ओलांडून वाशीला आली ती ९ मे १९९२ रोजी. गावठाणांतली आगरी-कोळी घरं सोडली तर इथलं जवळजवळ प्रत्येक कुटुंब कुठून तरी आलेलं आहे. घाऊक बाजार मुंबईतून तुर्भे-वाशीला हलले, त्यांच्या मागोमाग माथाडी कामगारही आले. त्यातले बरेचसे सातारा, सांगली, कोल्हापूर भागातले. कोपरखैरणे-घणसोलीत त्यांची वस्ती झाली आणि गावाहून येणाऱ्या सामानात तांदळाच्या पोत्याबरोबर गोधडीही आली. कोल्हापूरकडे तिलाच वाकळ म्हणतात.

गोधडीची बांधणी वरून साधी दिसते. नेसून-धुऊन मऊ झालेली नऊवारी लुगडी आणि जुनी धोतरं एकावर एक अंथरायची, कोपऱ्यांवर वजनं ठेवून ताणायची आणि कडेपासून धावदोरा घालत आत यायचं. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे कापड सरकत नाही. रजईतला कापूस धुतल्यावर गोळा होतो. गोधडी मात्र दर वर्षी घटस्थापनेआधी खसखसून धुता येते. वरच्या थराला कोणत्या लुगड्याचे तुकडे जोडायचे, कुणाच्या पातळाचा काठ कुठे लावायचा, हे ठरवताना घरातली चार माणसं आठवतात आणि त्यांच्याबद्दल बोलणं होतं. अशीच कापडं बंगालमध्ये कांथा होतात, बिहारात सुजनी, उत्तर कन्नडच्या सिद्दी बायकांच्या हाती कवंदी, आणि जपानी शेतकरी घरांत साशिकोच्या टाक्यांनी जोडली जात. जुन्या कापडाला टाका घालून त्याचं आयुष्य वाढवायची अक्कल सगळीकडच्या बायकांना आपापली सुचलेली आहे.

नवी मुंबईतल्या थंडीला आठ थरांची वाकळ लागत नाही. म्हणून इथे दोन-तीन थरांची दुपटी जास्त शिवली जातात, बहुधा घरात बाळ येणार असलं की. ते काम बोरन्हाणाच्या साजाशी बरोबर जुळतं. एक वस्तू अर्ध्या तासासाठी असते, दुसरी पाच-सात वर्षं टिकते आणि मग धाकट्या भावंडाकडे जाते.

स्वतः करण्याआधी ज्यांना असं हातकाम बघायचं आहे, त्यांनी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये एक फेरी मारावी. १९९४ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटच्या धर्तीवर देशात असे बाजार उभे राहिले. बेलापूरचा सिडकोने उभारला. वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर तिथे काही दिवसांसाठी गाळे घेतात आणि सणासुदीच्या सुमाराला प्रदर्शनं लागतात. वस्तू उलटून मागची बाजू बघायला कारागीर हरकत घेत नाहीत. टाका कसा घातला आहे, दोरा कुठे संपवला आहे, हे मागूनच कळतं. यंत्राच्या कामात टाके एकसारखे असतात. हाताच्या कामात दमलेल्या हाताचा एखादा लांब टाका सापडतोच.

नवशिक्यांनी पहिल्याच वर्षी हलव्याच्या पूर्ण साजाचा घाट घालू नये. एक हार आणि दोन मनगट्या पुरेत. रोज अर्धा तास धरला तर बारा दिवसांचे सहा तास होतात. त्यात बसेल तेवढंच काम हाती घ्यावं. दोरा पांढरा आणि सुती असावा, नायलॉनच्या दोऱ्यावर गाठ सरकते. पंचांगात रथसप्तमी बघून तारीख आधीच लिहून ठेवावी आणि घरातल्या पुरुषांना निदान दाणे निवडायला बसवावं. गाठी मारून केलेले दागिने समारंभानंतर सोडवून तो हलवा खाता येतो. ग्लू गनने पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतील तर मात्र फोटो काढून झाल्याबरोबर बाळाच्या हातातली बासरी आधी काढून घ्या.