क्लेम संगणकाने नाकारला? गप्प बसू नका!

मच्छीमार बंधू-भगिनींनो, आरोग्य विमा कंपन्या आता क्लेमची कागदपत्रं तपासायला एआय वापरतात. बिल, तारखा, आजाराचं नाव, कुठे काही जुळलं नाही की क्लेम बाजूला पडतो. खोटे क्लेम त्यात सापडतात, हे बरंच. पण जाळ्यात नको ते पण येतं. तसा खरा रुग्णही अडकू शकतो.

आयआरडीएआयचा २०२४ चा नियम लक्षात ठेवा: कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि पॉलिसीच्या कुठल्या अटीवरून नाकारला तेही सांगावं लागतं.

म्हणून कारण लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. पत्र समजत नसेल तर सोसायटीत घेऊन या, आम्ही वाचून सांगू.