बेचाळिसाव्या दिवशी आईलाही विचारा

दर वर्षी जागतिक माता मानसिक आरोग्य दिन येतो. त्या निमित्ताने आईची थोरवी गाणारं बरंच छापून येतं. मला मात्र बाळंतिणीच्या खोलीत दर काही दिवसांनी घडणाऱ्या एका साध्या भेटीबद्दल लिहायचं आहे.

आशाताई घरी येते. झोळीत ठेवून बाळाचं वजन करते, ताप बघते, नाळेची जागा तपासते. मग आईकडे वळते. दिवसातून किती वेळा पोटभर जेवतेस? रक्तस्राव किती? ताप, दुर्गंधी? असंबद्ध बोलणं किंवा झटके? तक्त्यात खुणा होतात. पण ‘तुला कसं वाटतंय?’ हा रकाना त्यात नाही.

या भेटींचं मूळ आपल्याच मातीतलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’ने छापलं, पुढे ते देशाचं धोरण झालं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या दिवसापासून सहा भेटी ठरलेल्या असतात आणि शेवटची बेचाळिसाव्या दिवशी असते.

बेचाळीस दिवस म्हणजे सहा आठवडे. नेमक्या याच सुमारास डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांना मनाबद्दल विचारलं होतं. २००२ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात २३ टक्के आया नैराश्यात सापडल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही सावरल्या नव्हत्या. कारणं हार्मोन्सपुरती नव्हती. घरातली ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं, मारहाण, भूक आणि मुलगा की मुलगी हा प्रश्न, हे सगळं त्यात होतं.

पुढच्याच वर्षी त्यांनी बाळांची मोजमापं मांडली. नैराश्यातल्या आयांची ३० टक्के बाळं सहा महिन्यांची असताना वजनात फार मागे होती. इतर आयांच्या बाळांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. हे आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण आपण वजनकाट्यावर बाळ ठेवतो आणि काटा हलला नाही की आईच्या दुधाला नाहीतर तिच्या आळसाला दोष देतो. तान्ह्याला पाजायला चिकाटी लागते. त्याची कुरकुर ओळखावी लागते, ते झोपेत असलं तर उठवून छातीशी घ्यावं लागतं, लसीची तारीख लक्षात ठेवावी लागते. जिचं कशातच मन लागत नाही, तिला यातली प्रत्येक गोष्ट डोंगराएवढी होते. आणि घरचे म्हणतात, ‘ओली बाळंतीण आहे, होतं असं’ किंवा ‘नजर लागली’.

बाळाला हे कळतं का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रोनिक यांनी १९७० च्या दशकात ते दाखवून दिलं. त्यांनी काही महिन्यांच्या बाळाशी खेळणाऱ्या आईला एक-दोन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळ आधी हसून पाहतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच परत येत नाही म्हटल्यावर मान वळवतं. निरोगी आईच्या दोन मिनिटांनी बाळाचं काही बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने असंच चाललं तर?

वडिलांचं मनही यात येतं. पॉल रामचंदानी यांच्या ब्रिटनमधल्या २००५ च्या अभ्यासात, बाळ आठ आठवड्यांचं असताना जे वडील नैराश्यात होते, त्यांच्या मुलांमध्ये साडेतीन वर्षांच्या वयात वागणुकीच्या तक्रारी जास्त आढळल्या. वडिलांना तर आपल्याकडे कुणी काहीच विचारत नाही.

उपाय महागडा नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी आपल्या आशाताईंसारख्याच आरोग्यसेविकांना बोलण्याची साधी पद्धत शिकवली. सहा महिन्यांनी ही पद्धत वापरलेल्या गटातल्या २३ टक्के आया नैराश्यात होत्या, न वापरलेल्या गटात ५३ टक्के. बाळांच्या वजन-उंचीत ठळक फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. पण जुलाब कमी झाले, लसीकरण वाढलं आणि आईबरोबर बापही मुलाशी जास्त खेळू लागले. घराच्या दृष्टीने मला हा शेवटचा बदल सगळ्यांत मोलाचा वाटतो. पुढे गोव्यातही गरोदर बायकांसाठी हीच पद्धत वस्तीतल्याच बायकांच्या मदतीने राबवून पाहिली गेली.

म्हणून आरोग्य खात्याकडे मागणी अशी: बेचाळिसाव्या दिवसाच्या तक्त्यात दोन प्रश्न घाला. गेल्या पंधरा दिवसांत सारखं उदास, निराश वाटतं का? पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात आता रमत नाही का? उत्तर ‘हो’ आलं तर आशाताईने कुणाकडे पाठवायचं हे आधी ठरवा आणि या कामाचा वेगळा मोबदला तिला द्या. तिच्या डोक्यावर फुकटची कामं आधीच पुष्कळ आहेत.

तक्ता बदलेपर्यंत वाचकांनो, हे दोन प्रश्न तुम्ही विचारा. लेकीला, सुनेला, जावयाला, मुलाला. उत्तर ऐकून घाबरायला झालं तर सरकारचा टेलि-मानस क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो.