न दिसणाऱ्या दुखण्याला वाचा फोडणारे

खेळताना गुडघा खरचटला किंवा पेन्सिलीला टोक काढताना बोट कापले, की रक्त येते आणि थोड्या वेळात आपोआप थांबते. आपण ते विसरूनही जातो. पण मित्रांनो, रक्त थांबणे ही वाटते तितकी साधी गोष्ट नव्हे. रक्तवाहिनी फाटताच रक्तातील रक्तबिंबिका तेथे धाव घेतात व भोकावर बूच बसवतात. हे बूच कच्चे असते. ते पक्के करण्यासाठी रक्तद्रवातील काही प्रथिने एकामागून एक जागी होतात. पहिले दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. शास्त्रज्ञांनी या प्रथिनांना ‘घटक’ म्हटले आणि त्यांना क्रमांक दिले. साखळीच्या शेवटी फायब्रिनचे बारीक तंतू तयार होतात, त्यांचे जाळे विणले जाते आणि गुठळी घट्ट बसते.

या साखळीतील एखादी कडीच नसली तर? आठवा घटक नसला किंवा फार कमी असला, तर त्या विकाराला हीमोफिलिया ‘ए’ म्हणतात. नववा नसला तर हीमोफिलिया ‘बी’. जन्मणाऱ्या सुमारे 5,000 मुलग्यांमागे एकाला पहिला प्रकार असतो. दुसरा त्याहून पुष्कळ विरळा. या घटकांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलीकडे अशी गुणसूत्रे दोन असतात, त्यामुळे एकातील जनुक बिघडले तरी दुसरे बहुधा काम भागवते. मुलाकडे एकच असल्याने त्याला ही सोय नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात मात्र पूर्वी हा विकार कोणालाच नसतो. तेव्हा आईला बोल लावणे हे निव्वळ अज्ञान होय.

टाचणी टोचली तरी या रुग्णाचे सारे रक्त वाहून जाईल, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. त्याचे रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही. ते अधिक वेळ वाहत राहते. खरा घात होतो तो शरीराच्या आत. गुडघा, घोटा, कोपर यांच्या सांध्यांत, कधी कधी काही न लागताही, रक्त साचते. सांधा सुजतो, गरम होतो, अतोनात दुखतो. असे वारंवार झाले की कूर्चा झिजते आणि सांधा कायमचा आखडतो.

बाहेर मात्र जखम नाही, पट्टी नाही. काल मैदानावर दिसलेला मुलगा आज गैरहजर असतो आणि उद्या आलाच तर कवायतीला नको म्हणतो. पाहणारे म्हणतात, “ढोंग करतोय!” दुखणे सोसायचे आणि ते खरे आहे हेही पटवून द्यायचे, असा दुहेरी भार त्याच्यावर पडतो. म्हणूनच अशा अपंगत्वाविषयी कोणीतरी उघडपणे बोलावे लागते. हीमोफिलियाच्या बाबतीत हे काम स्वतः रुग्णांनीच अंगावर घेतले.

कॅनडातील माँट्रियल शहरात फ्रँक श्नाबेल नावाचे एक व्यावसायिक राहत. त्यांना जन्मापासून तीव्र हीमोफिलिया होता. 1963 साली त्यांनी निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींना कोपनहेगन येथे एकत्र आणून जागतिक हीमोफिलिया महासंघ स्थापन केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ज्युडिथ पूल या संशोधिकेने एक सोपी युक्ती दाखवून दिली. गोठवलेला रक्तद्रव सावकाश वितळवला, की तळाशी राहणाऱ्या साक्यात आठवा घटक भरपूर असतो! रक्तपेढीतही हा साका तयार करता येऊ लागला.

दुसरे नाव स्टीफन ख्रिसमस यांचे. 1952 साली इंग्लंडमधील संशोधक लहानग्या स्टीफनचे रक्त तपासत होते. ते नीट गोठत नव्हते. पण नेहमीच्या हीमोफिलियाच्या रक्तात ते मिसळले, की मिश्रण गोठे. याचा अर्थ स्टीफनच्या रक्तात उणा असलेला घटक वेगळाच होता. तोच हा नववा घटक. आजही हीमोफिलिया ‘बी’ला ‘ख्रिसमस रोग’ म्हणतात.

पुढे एक मोठे संकट कोसळले. 1980 च्या सुमारास हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून हे औषध बनवले जाई. त्यामुळे एका दात्याच्या रक्तातील विषाणू असंख्य रुग्णांपर्यंत पोहोचू शके. एड्सचा विषाणू असाच पसरला. 1987 मध्ये श्नाबेल एड्सने गेले. रुग्णाला दिले जाणारे रक्त सुरक्षित असावे यासाठी झगडणारे स्टीफन 1993 मध्ये त्याच रोगाने गेले. या संकटामुळे औषधावर उष्णतेची प्रक्रिया आणि दात्यांची कसून तपासणी सुरू झाली. 1992 पासून तर जनुकतंत्राने तयार केलेला आठवा घटकही मिळू लागला.

आपल्या देशात 1983 साली अशोक बहादूर वर्मा यांनी हीमोफिलिया फेडरेशन (इंडिया) ही संस्था उभी केली. तेही स्वतः हीमोफिलियाचे रुग्ण. 1995 च्या अपंगांविषयीच्या कायद्यात या विकाराचे नावही नव्हते. 2016 च्या नव्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मानले गेले आणि त्यांत हीमोफिलियाला जागा मिळाली.

श्नाबेल यांचा जन्मदिवस, 17 एप्रिल, हा 1989 पासून जागतिक हीमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तुमच्या शाळेत या माणसांची माहिती अवश्य सांगा. आणि एवढे लक्षात ठेवा: हीमोफिलिया असलेल्या मित्राने सांधा दुखतो म्हटले, तर त्याला पुरावा मागू नका. त्याला बसवा, सांध्याला आराम द्या, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा आणि लगेच शिक्षकांना व घरच्यांना कळवा. अ‍ॅस्पिरिन मात्र मुळीच देऊ नका. तिने रक्तस्राव वाढतो. घटकाचे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितका सांधा वाचतो. सूज दिसण्याच्या आधीच त्याला दुखणे जाणवते, तेव्हा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवा.