धरणातील मोकळी जागा

धरण म्हणजे पाणी साठविण्याची जागा, ही व्याख्या आमच्या वर्गातील कोणताही विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवितो. हैदराबादकरांनी मात्र तिला पुरवणी जोडावयास हवी. शहराच्या वरच्या अंगास मुसी नदीवर उस्मानसागर आणि ईसी नदीवर हिमायतसागर आहे. ही दोन्ही धरणे पुरापासून शहर वाचावे या हेतूने प्रथम योजिली गेली.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या पुराने हजारो माणसे दगावली. प्रसिद्ध उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी त्या पुरात गेली. पुढे निजाम सरकारने या कामी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. अतिवृष्टी झाली होतीच. पण मुसीच्या खोऱ्यात ७८८ लहानमोठे तलाव होते आणि त्यांपैकी २२१ फुटले होते, हेही त्यांनी नमूद केले. म्हणजे जे बांध गावांच्या आधारासाठी घातले, त्यांनीच संकटात भर घातली.

असे का व्हावे? आपल्याकडे तलावाच्या बांधास ‘कट्टा’ म्हणतात. मातीचा कट्टा पाण्याचा दाब सोसतो. परंतु त्याच्या माथ्यावरून वाहणारे पाणी त्याला सोसत नाही. पाणी उतारावरील माती कापीत जाते आणि थोड्याच वेळात खिंडार पडते. म्हणून जादा पाणी एका बाजूने निघून जावे यासाठी दगडी सांडवा ठेवतात. सांडवा बुजला की कट्टा धोक्यात आलाच. शिवाय वरचा एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळते व तोही फुटतो.

आता धरण पूर कसा आवरते, ते साध्या हिशेबाने पाहू. समजा, नदीतून ताशी दहा घागरी पाणी येते आणि शहरातील पात्रात सहाच मावतात. पाऊस तीन तास पडला. धरणाने ताशी सहा घागरी सोडून चार अडविल्या, तर त्याच्यापाशी बारा घागरींची मोकळी जागा हवी. पाऊस थांबल्यावर त्या बारा घागरी दोन तासांत सोडता येतात. तीन तासांचा पूर पाच तास चालला, पण पात्राबाहेर गेला नाही. धरण आधीच तुडुंब असेल तर? दहा आल्या, दहा सोडाव्या लागतील.

येथेच खरी अडचण आहे. उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाले आणि दोहोंनी शहराची तहान भागविली. त्यामुळे ते भरलेले पाहून आपल्याला आनंद वाटतो, आणि दरवाजे उघडले की पाणी वाया चालले अशी हळहळ वाटते. आता कृष्णा, मंजिरा व गोदावरी यांचेही पाणी शहरास मिळते. तेव्हा पावसाळ्यात थोडी जागा मोकळी राखणे ही उधळपट्टी मानू नये. ती नदीकाठच्या गरिबांच्या जिवाची राखण आहे.

मोठ्या धरणांवर अभियंत्यांची नजर असते; लहान तलावांकडे कोण पाहतो? ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू या तलावांचे कट्टे फुटले व खालच्या वस्त्यांत पाणी शिरले. १९०८ चा धडा आपण पुन्हा गिरविला.

पूर आल्यावर अन्न व वस्त्र वाटण्यास आपल्या धर्मादाय संस्था नेहमीच धावून जातात. आमची विनंती आहे की, मृगापूर्वी एक दिवस त्यांनी वस्तीच्या वरच्या तलावासाठीही द्यावा. सांडव्यात कचरा अथवा बांधकाम आहे काय? कट्ट्यावर झाडे वाढली आहेत काय? घुशींची बिळे आहेत काय? पायथ्याशी पाणी पाझरते काय, आणि ते निवळ आहे की गढूळ? गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहू लागली, असे समजावे. अशी खूण दिसताच अधिकाऱ्यांस लेखी कळवावे आणि खालच्या घरांना सावध करावे. एवढे पाहण्यास पदवी लागत नाही. आमच्या सातवीच्या मुलांनाही ते जमते.