३३ की ३५

बंगळूरच्या चिकपेटकडून नगरथपेठेच्या गल्ल्यांत वळलं की नायट्रिक ॲसिडचा वास घशात चढतो. सोनं-चांदी गाळणारी इथली मराठी माणसं सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची. त्यांच्यातल्या एका शेठचा संगणक लाइट जाऊन आल्यापासून बिलं काढत नव्हता. येईल तो ‘नवीन घ्या’ म्हणून गेला, एस. पी. रोडवरचा एक पोरगा मात्र म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही. त्या एका वाक्यापायी मी त्याच्यासोबत गेलो.

बिलाचा प्रोग्रॅम फक्त विंडोज एक्सपीवर चालणारा. एक्सपी व्हर्च्युअलबॉक्सच्या पोटात, आणि व्हर्च्युअलबॉक्स सेंटओएस ६ या लिनक्सवर. त्यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये एक मॉड्यूल शिरवावं लागतं, आणि ते त्याच कर्नलच्या हेडर फायलींवर बांधावं लागतं. कर्नलची आतली रचना बदलत राहणार, असं कर्नलवाल्यांनी उघड लिहूनच ठेवलंय. बाहेरच्या मॉड्यूलनं आपलं आपण बघून घ्यायचं.

पोरगा बेळगावकडचा. बसल्या बसल्या त्यानं चालू कर्नलचा नंबर काढला: २.६.३२-७५४.३५.१. मग हेडरचं फोल्डर उघडलं: ७५४.३३.१.

“मामा, चाललंय ३५ आणि सामान हाय ३३चं. कसं जमणार?”

झालं होतं ते असं. अपडेटनं ३५ कधीच आणून ठेवलं होतं, पण मशीन बंदच होत नसल्यामुळे ३३ चालू राहिलं. लाइट गेली, यूपीएसनं दगा दिला आणि मशीन उठलं ते ३५ घेऊन. त्यानंतर आलेल्या कुणी शहाण्यानं बूटची जागा भरली म्हणून ३३चं कर्नलच पुसलं. नाहीतर सुरुवातीच्या यादीत ३३ निवडलं असतं की काम झालं असतं.

पडद्यावर नुसतं ‘फेल्ड’ येतं. पोरगा लॉग उघडून वर वर जात राहिला, पहिली चूक सापडेपर्यंत. चालू कर्नलचा सोर्स मिळत नाही, फोल्डरचा पत्ता द्या, असं तिथं लिहिलेलं. ३३चा पत्ता देऊन पाहायचा मोह कुणालाही होईल. मीही तेच विचारलं.

“बांधलं जाईल बी. पण दुसऱ्याच्या मापाचं कधी बसतं, कधी बसत न्हाई. बसलं तर जास्त भ्या वाटतं मला. बिलाच्या मशीनवर असलं नको.”

मागच्या खोलीत कुणीतरी ॲसिड ओतलं असावं. तो वास पुन्हा आला. पोरगा खोकला, पण मान वर केली नाही.

हे नंबर फसवेही आहेत. २.६.३२ निघालं डिसेंबर २००९ मध्ये. रेड हॅटनं तोच आकडा ठेवून पुढची कित्येक वर्षं नव्या कर्नलमधले तुकडे त्यात घातले. त्यामुळे नुसता आकडा पाहून जुन्या पद्धतीनं लिहिलेलं मॉड्यूल इथं अडखळू शकतं. ३३ आणि ३५ हे शेपटीतले आकडे म्हणूनच पोरगा मोठ्यानं वाचतो.

सेंटओएस ६चा पाठिंबा ३० नोव्हेंबर २०२० ला संपला, नेहमीच्या सर्व्हरवर पॅकेजं मिळत नाहीत, ती जुन्या संग्रहात हलवलीत. त्यानं पेनड्राइव्हवर ७५४ मालिकेतली हेडर पॅकेजं जमवून ठेवली होती. ३५चं बसवलं, मॉड्यूल बांधलं, चढवलं. एक्सपीचा निळा-हिरवा पडदा आला आणि शेठनं तिथल्या तिथं अडलेलं बिल काढलं.

‘जुनं फेका’ म्हणणाऱ्यांना हे जुनं नेमकं कुठं अडलंय, तेच पाहायचं नसतं, असं माझं मत झालं. अर्थात, पाठिंबा संपलेली यंत्रणा नेटवर ठेवणं हा वेडेपणाच. पोरग्यानंही नेटची वायर काढून शेठच्या हातात दिली.

“पण वायरीशिवाय अपडेट कसं व्हायचं?” शेठ.

“व्हायचंच न्हाई, मामा. नवीन येणारबी न्हाई काय.”

मग त्यानं एक्सपीची अख्खी डिस्क-फाइल दुसऱ्या हार्डडिस्कवर उतरवायला लावली, कारण आता आधी मरेल ती हार्डडिस्क. कॉपी होईपर्यंत बिल काढायचं नाही, एवढं बजावून तो चहाला निघाला. शेठला ते काही पटलेलं दिसलं नाही. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं.