डेव्हिड विलार्ड यांच्या वह्या

गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, पर्जन्यमापकाचे तक्ते, देवस्थानांचे जमाखर्च... कुणी वाचेल याची आशा न धरता माणसं वर्षानुवर्षं लिहीत राहतात, अशा वह्यांचं मला जुनं वेड आहे. त्या नादातच शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या डेव्हिड विलार्ड यांच्यापर्यंत पोहोचलो.

काचेवर आपटून पक्षी मरतात, हे काही नवं नाही. अमेरिकेत दरवर्षी ३६ कोटी ५० लाख ते ९८ कोटी ८० लाख, असा २०१४ सालचा अंदाज. असले आकडे डोळ्यांखालून नुसते जातात.

विलार्ड म्युझियमच्या पक्षीसंग्रहाचे व्यवस्थापक होते. मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन-केंद्रावर पक्षी आपटतात असं कानावर आलं, म्हणून १९७८ मध्ये ते सहज बघायला गेले. म्युझियमपासून मैलभरावर, मिशिगन सरोवराला अगदी लागून काचेच्या लांबच लांब भिंती; पायथ्याशी मेलेले पक्षी. दुसऱ्या कुणी ते झाडून टाकले असते. विलार्डनी उचलून आणले, आणि पुढे स्थलांतराच्या दोन्ही हंगामांत पहाटेची फेरी हा त्यांचा नेमच झाला. शहरातल्या इतर इमारतींखाली सापडलेले पक्षीही त्यांच्या टेबलावर येऊ लागले. कॅलिपर, तराजू आणि पेन. प्रत्येकाची जात, वजन, पंखाची लांबी, चोच, पायाचं हाड. शिवाय मॅकॉर्मिक प्लेसच्या कोणत्या खिडक्यांमागे रात्री दिवे जळत होते, याचीही नोंद. मला विचाराल तर या माणसाची खरी प्रतिभा त्या शेवटच्या रकान्यात आहे.

२०१६ पर्यंतच्या ५२ जातींच्या ७०,७१६ पक्ष्यांच्या मोजमापांवर पुढे संशोधन झालं. मोजणारा हात एकच, त्यामुळे मिलिमीटरच्या फरकावरही भरवसा ठेवता आला. पायाचं हाड २.४ टक्क्यांनी आखूड झालं होतं, पंख १.३ टक्क्यांनी लांबले होते. तापत्या हवामानात पक्षी लहान होत चालले आहेत, याचा इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळाला असेल. २०२१ मध्ये दिव्यांच्या नोंदीही कामी आल्या: उजळलेल्या खिडक्या जितक्या कमी, तितके मृत्यू कमी. रात्री उडणारे पक्षी उजेडाकडे ओढले जातात.

तरीही ५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे मॅकॉर्मिक प्लेसच्या एकाच इमारतीखाली हजाराच्या आसपास पक्षी मरून पडले होते. जगभर बोभाटा झाला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म चढली. खर्च सुमारे १२ लाख डॉलर. मृत्यू जवळपास ९५ टक्क्यांनी घटले. काचेच्या बाहेरच्या बाजूने, दोन-दोन इंचांवर ठिपके, एवढंच. (खिडकीला ससाण्याचं एकच चित्र चिकटवून काही साधत नाही. पक्षी त्याच्या बाजूने येऊन आपटतात.) काचेवर खुणा करा, हे पक्षीशास्त्रज्ञ डॅनियल क्लेम १९९० पासून सांगत होते. तेव्हा या दिरंगाईला अज्ञान म्हणता येणार नाही, ती टाळाटाळच.

न्यूयॉर्कने २०१९ मध्ये नव्या इमारतींसाठी पक्षी-सुरक्षित काचेचा कायदा केला. हा प्रश्न आपलाही आहे: पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येणारा नवरंगही रात्रीच प्रवास करतो. मुंबई-पुण्यात काचेच्या मनोऱ्यांचे नकाशे मंजूर करतानाच अशा काचेची अट घाला. आधी पक्षी मारून मग फिल्म चिकटवण्याची शिकागोची वाट आपण धरायचं काहीच कारण नाही.