खिडकीतली लोंबती दोरी

घरात मूल रांगायला लागलं की घराची मांडणी बदलू लागते. फिनेलची बाटली मोरीतून उचलून वरच्या फळीवर जाते, प्लगच्या भोकांवर प्लॅस्टिकची झाकणं बसतात, पाण्याची बादली रिकामी करून पालथी घातली जाते, आजोबांच्या गोळ्यांची डबी कपाटात बंद होते. ही यादी कुणी लिहून ठेवलेली नाही. ती आजीकडून आईकडे तोंडी चालत आलेली आहे. पण त्या यादीत एक वस्तू अजून शिरलेली नाही, कारण ती आपल्या घरात तशी अलीकडे आली. ती म्हणजे खिडकीच्या ब्लाइंड्सची दोरी.

एके काळी ब्लाइंड्स आपल्याला दिसायचे ते ऑफिसात, नाहीतर डॉक्टरांच्या दवाखान्यात. आता ते हॉलमध्ये असतात आणि बाळाच्या खोलीतही असतात. मागच्या दिवाळीत भाचीच्या नव्या फ्लॅटवर गेले होते. बाळाच्या खोलीत हत्ती-घोड्यांच्या चित्रांचा सुरेख रोलर ब्लाइंड होता. त्याची पांढऱ्या मण्यांची साखळी गोल वेटोळं करून पार खालपर्यंत आली होती आणि उजेड यावा म्हणून पाळणा नेमका खिडकीशी लावलेला होता. पडदे बसवणाऱ्याने रंग विचारला होता, कापडाचे नमुने दाखवले होते, धूळ कशी झटकायची तेही सांगितलं होतं. साखळीबद्दल मात्र तो एक अक्षर बोलला नव्हता. मी विषय काढला तेव्हा भाची सहज म्हणाली, “अगं मावशी, तो एकटा कधी नसतोच. कुणी ना कुणी असतंच की लक्ष द्यायला.”

हे उत्तर कुठलीही आई देईल. पण या बाबतीत तेवढ्यावर विसंबून चालत नाही, आणि त्याचं कारण मुलाच्या शरीरात आहे. वर्षा-दोन वर्षांच्या मुलाचं डोकं बाकीच्या अंगाच्या मानाने जड असतं, मान कोवळी असते आणि श्वासनलिका मऊ. दोरीच्या फासात मान अडकली आणि पाय घसरला, किंवा मूल नुसतं खाली बसू लागलं, तरी त्याच्याच वजनाने फास आवळतो. मोठं माणूस दोरी सोडवेल, निदान ओरडेल. मुलाला सोडवणं सुचत नाही, आणि श्वासच अडल्यामुळे ओरडताही येत नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते, काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. मूल आदळलं तर आवाज होतो, भाजलं तर किंकाळी येते. इथे काहीच ऐकू येत नाही. शेजारच्या खोलीत आई पोळ्या लाटत असते आणि बाळ आज किती शहाण्यासारखं खेळतंय, असं तिला वाटत असतं.

हा धोका जगाला कळला तो अमेरिकेत, कारण तिथे घरोघरी ब्लाइंड्स आहेत. १९८१ ते १९९५ या पंधरा वर्षांत खिडकीच्या दोऱ्यांनी गळा आवळला गेल्याच्या १८३ घटनांची नोंद तिथल्या एका अभ्यासात आहे. त्यानंतर जे घडलं ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे. सुरुवातीला दोन दोऱ्या एकाच गोंड्यात अडकवलेल्या असत आणि त्यातून फास तयार होई. १९९५ पासून नव्या ब्लाइंड्समध्ये हे गोंडे वेगळे झाले. मग लक्षात आलं, की पट्ट्यांमधून जाणारी आतली दोरी मूल ओढून काढतं आणि तिचाही फास होतो. तेव्हा २००० साली सुमारे साडेआठ कोटी ब्लाइंड्सच्या दुरुस्तीची मोहीम जाहीर झाली. २००९ मध्ये रोमन शेड्स आणि गुंडाळी पडदे धरून आणखी पाच कोटींवर पडद्यांची पाळी आली. या सगळ्या काळात ‘मुलांवर लक्ष ठेवा’ असं छापलेल्या सूचना होत्याच. तरीही पाच वर्षांखालची सरासरी नऊ मुलं दरवर्षी अशी दगावतात, असं तिथला ग्राहक सुरक्षा आयोग सांगत राहिला.

शेवटी दोरीच काढायची असं ठरलं. डिसेंबर २०१८ पासून दुकानात तयार मिळणारे ब्लाइंड्स तिथे बिनदोरीचे, किंवा दोरी मुलाच्या हाती लागणारच नाही असे बनवावे लागले. १ जून २०२४ पासून मापाने शिवून घेतलेल्या पडद्यांच्या मोकळ्या लोंबत्या दोऱ्यांवरही गदा आली. कॅनडाने २०२१ पासून मापच घालून दिलं: हाती लागणारी दोरी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब असता कामा नये. एवढ्याशा दोरीचा मुलाच्या गळ्याभोवती वेढा बसत नाही.

हे वाचताना मला आपल्याकडचा एक नेहमीचा प्रश्न आठवत होता. मुलाला काही झालं, की जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, “आईचं लक्ष कुठं होतं?” लक्ष दूध उतू जाण्याकडे होतं, दारावरच्या घंटेकडे होतं, नाहीतर रात्रभरच्या जागरणानंतर पाच मिनिटं डोळा लागला होता. चोवीस तास जागं राहणारं लक्ष कुणाकडेच नसतं. ते आईकडून मागण्यापेक्षा दोरी वर बांधून टाकणं कितीतरी सोपं आहे.

नवे ब्लाइंड्स घेणार असाल तर दुकानात शिरतानाच सांगा, “बिनदोरीचे दाखवा.” खालची पट्टी हाताने वर-खाली करायचे, स्प्रिंगवर चालणारे ब्लाइंड्स मिळतात. घरात साखळीचे असतील तर साखळीचं खालचं टोक ताणून भिंतीला पक्कं करणारा हुक स्क्रूने बसवून घ्या. साखळी ताठ राहिली की तिचं वेटोळं होत नाही. मोकळ्या दोऱ्या असतील तर जमिनीपासून किमान पाच फुटांवर, मुलाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी खुंटी ठोका आणि दरवेळी दोरी तिच्यावर पूर्ण गुंडाळा. नुसती गाठ मारून सोडू नका, कारण त्या गाठीचाच फास होतो. आणि सगळ्यांत आधी, पैसा न खर्चता आजच करण्यासारखं काम म्हणजे पाळणा, पलंग, सोफा, स्टूल खिडकीपासून दूर सरकवणं. चढायला पायरी मिळाली की पाच फुटांवरची खुंटीही मुलाच्या हाताला लागते.

घरात मांजर असेल तर ही कामं तिच्यासाठीही करा. हलती दोरी दिसली की मांजराचं पिल्लू झेप घेणारच, आणि अडकल्यावर सुटण्यासाठी जितकं उलटसुलट वळेल तितकं अधिक गुरफटेल. दोरीचा तुकडा गिळला तर आतडी गोळा होऊन जिवावर बेतू शकतं. कुत्र्याच्या पट्ट्यातही साखळी अडकू शकते. दोरीने खेळवायचंच असेल तर टोक आपल्या हातात ठेवा आणि खेळ संपला की दोरी ड्रॉवरमध्ये टाका.

ब्लाइंड्स नसलेल्यांनीही निश्चिंत राहू नये. व्हरांड्यातल्या चिकाच्या पडद्याची दोरी, गच्चीत वाळत घालायच्या दोरीचं सुटं टोक, मोठ्या भावंडांनी झोक्यासाठी बांधलेली साडी, दाराच्या कडीला अडकवलेली ओढणी, या सगळ्यांचं काम तेच. दोरी जुनी असो की नवी, वेटोळं झालं की फास झाला.

आज रविवार आहे, घरातली सगळी माणसं घरी असतील. चहा झाला की दहा मिनिटं जमिनीवर बसा, अगदी मांडी घालून, आणि दीड वर्षाच्या मुलाच्या उंचीवरून एकेक खोली पाहा. उभ्याने कधी न दिसलेल्या दोऱ्या तिथून दिसतात. त्या दिसल्या की उठून स्क्रू-ड्रायव्हर शोधा. दुपारच्या जेवणाआधी काम होऊन जाईल.